त्या हॉटेलात गेल्यावर नक्की मागवायचं काय?

मेन्यूकार्डात दीडशे पदार्थ आणि आपण मागवतो ते दोनच, कारण तेवढेच धड उच्चारता येतात. मीही कित्येक वर्षं हेच करत होते. मग एकदा कोरियन हॉटेलात शेजारच्या टेबलावर काळं दगडी भांडं आलं. आतला भात चरचरत होता, वर पालक, गाजर, मश्रूमचे वेगवेगळे पुंजके, मधोमध अंड्याचा बलक. माझ्यापुढे होतं तळलेलं चिकन, जे कुठेही मिळतं. त्या दिवसापासून शेजारच्या टेबलावर मी बिनदिक्कत डोकावते.

तो पदार्थ म्हणजे दोलसोत बिबिमबाप. नुसतं ‘बिबिमबाप’ लिहिलं असेल तर बहुधा साध्या वाडग्यात येतो, म्हणून ‘दोलसोत’ आहे का ते विचारा. तेच ते दगडी भांडं. आल्या आल्या ढवळायला जाऊ नका. दोन-तीन मिनिटं दम धरला की तळाला खरपूस खरवड धरते. मग गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली चटणी, घालून सगळं कालवायचं आणि खरवड शेवटी चमच्याने काढून खायची.

आता तुम्ही सांगा. चिनी, जपानी, थाई, बर्मी, कुठलंही. अट एवढीच, की ज्या एका पदार्थासाठी परत जाल तोच लिहा. फजिती झाली असेल तर तीही.

* * *

मापो तोफू. तोफू म्हणजे पांढरा बेचव ठोकळा, हे माझं ठाम मत होतं. मित्राने बळेच मागवला. दुसऱ्या घासाला ओठ झिणझिणायला लागले, चौथ्याला जीभ बधिर. मला वाटलं, ॲलर्जी आली! वेटरला बोलावलं तर तो हसत सुटला. तो सगळा प्रताप सिचुआन मिरीचा. ही खरं तर मिरी नव्हेच, लिंबाच्या कुळातल्या एका झाडाच्या फळांची सालं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली लोकांच्या ओठांना ही मिरी लावून, होणारी झिणझिण बोटावरच्या यांत्रिक कंपनांशी ताडून पाहिली. ती सेकंदाला साधारण ५० कंपनांइतकी, म्हणजे ५० हर्ट्झ भरली. म्हणजे माझे ओठ खरंच ‘वाजत’ होते म्हणायचे.

चिनी लोक या चवीला ‘माला’ म्हणतात, मा म्हणजे बधिर आणि ला म्हणजे तिखट. गंमत अशी की मापोमधला ‘मा’ लिहितात त्याच अक्षराने, पण तिथे त्याचा अर्थ देवीचे व्रण. चेंगडूत एकोणिसाव्या शतकात चेन कुटुंबाची खानावळ होती, तिथल्या व्रणांच्या चेहऱ्याच्या बाईंचा हा तोफू.

चांगला कसा ओळखायचा? वर लाल तेलाचा तवंग हवा, तोफू चमच्यावर थरथरायला हवा, आणि रस्सा गोड लागता कामा नये. त्याचा जीव दोबानजियांगमध्ये असतो: एका प्रकारच्या घेवड्याचे दाणे आणि मिरच्या महिनोन्‌महिने आंबवून केलेलं वाटण. गोडसर, चिकट, नारिंगी काहीतरी आलं तर समजा, स्वयंपाकी तुम्हाला घाबरला. बरोबर साधा भात घ्याच. आणि तोफू दिसला म्हणून शाकाहारी समजू नका, मूळ पदार्थात खिमा असतो.

* * *

झ्याओलोंगबाव, शांघायकडचे सूप भरलेले डंपलिंग. मी पहिलाच अख्खा तोंडात टाकून चावला. जीभ पोळली ती पोळलीच, पिचकारी समोर बसलेल्या भावोजींच्या शर्टावर. तेव्हा आधी चमच्यात घ्या, कडेला लहानसं भोक पाडा, सूप प्या, मग आल्याचे काप आणि काळं व्हिनेगर लावून उरलेलं खा. सूप आत भरतात कसं? डुकराच्या कातडीचा अर्क गार करून थिजवतात, त्याचे तुकडे सारणात मिसळतात, वाफेवर ते वितळतात. भावोजी अजून बोलतात माझ्याशी.

* * *

मी शाकाहारी, त्यामुळे आमच्याकडे पदार्थाआधी उलटतपासणी. थाई हॉटेलात “मांस नको” म्हटलं, त्यांनी मान डोलावली, आणि कच्च्या पपईच्या सोम तममध्ये सुकी कोळंबी! त्यांच्या लेखी ते मांस नव्हतंच. तसंच फिश सॉसचं, तसंच जपानी मिसो सूपचं, त्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून एकेका जिनसाचं नाव घेऊन विचारायचं.

पण एका बर्मी हॉटेलात मिळालं ते लफेत थोक. आंबवलेल्या चहाच्या पानांचं सॅलड, यातही सुकी कोळंबी असते, ती काढायला सांगितली. कुरकुरीत तळलेल्या डाळी, लसूण, शेंगदाणे, तीळ, कोबी, टोमॅटो, वर लिंबू. तुरट, आंबट, खमंग सगळं एका घासात. दोन प्लेट खाल्ल्या. चहा शेवटी चहाच, रात्री दीडपर्यंत टक्क जागी होते.

* * *

रेंदांग मागवलं आणि वेटरला विचारलं, “याचा रस्सा राहिला का आत?” मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, पण खुर्ची ओढून बसल्या. नारळाच्या दुधात मांस तासन्‌तास शिजवायचं, दूध पार आटतं, तेल सुटतं, आणि मग मांस त्याच तेलात परतलं जातं. रस्सा असतानाच उतरवलं तर त्याला कालिओ म्हणतात, रेंदांग नाही. मूळ इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या मिनांगकबाऊ लोकांचं, पण मलेशियाही सांगतो आमचं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका टीव्ही स्पर्धेत परीक्षक म्हणाले, चिकन रेंदांगची कातडी कुरकुरीत नाही. तेव्हा एरवी भांडणारे दोन्ही देश एकदम चवताळून उठले होते. मी बाईंपुढे मुकाट्याने ताट साफ केलं.

* * *

सगळे झणझणीतच लिहितायत, म्हणून मी फोसाठी, म्हणजे व्हिएतनामी नूडल सूपसाठी, भांडते. (उच्चार ‘फो’ नव्हे, ‘फअ’च्या जवळचा. पण ‘फो’ म्हटलं तरी मिळतो.) माझी चूक सांगते. वाडगा आला, टेबलावरचे दोन्ही सॉस धार धरून ओतले, लिंबू पिळलं, मिरच्या टाकल्या. खाल्ला तो सॉसच. समोर एक आजोबा बसले होते, त्यांनी आधी नुसतं पाणी चाखलं, डोळे मिटले, मग चार पानं खुडून टाकली. पुढच्या खेपेला मी त्यांची नक्कल केली. हाडं कित्येक तास मंद उकळतात, कांदा आणि आलं जाळावर काळं करून घालतात, दालचिनी आणि चक्रीफूल. नितळ दिसणाऱ्या त्या पाण्यात एवढं सगळं असतं! हनोईकडचा फो साधा, दक्षिणेकडचा तुळशीसारखी पानं आणि मोड आलेले मूग घेऊन येतो. गोमांस चालत नसेल तर ‘फो गा’ मागा, तो कोंबडीचा.

* * *

हैनानी चिकन राइस. दिसतं आजाऱ्याचं पथ्य. आधी नुसता भात खाऊन बघा, कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला असतो. बाकी बोलू नका.

* * *

पेकिंग डकसाठी आम्ही सहाजण नटूनथटून गेलो. “काल सांगितलं होतं का?” नव्हतं. कातडी मांसापासून सुटी करायला आत हवा भरायची, वरून माल्ट साखरेचा पाक लावायचा, बदक टांगून सुकवायचं, मग भाजायचं; आयत्या वेळी होत नाही ते. नूडल्स खाऊन परतलो. दुसऱ्यांदा फोन करून गेलो. उरलेल्या सांगाड्याचं सूप करून देतात, ते मागायला विसरलो. तिसरी फेरी बाकी आहे.

* * *

मूळ प्रश्न विचारणारी मीच. काल मापो तोफू खाल्ला. वेटरने “कमी तिखट करू का?” विचारलं, मी बाणेदारपणे नको म्हटलं. अर्ध्यावर पाणी प्यायले तर पाण्यालाच भलती चव. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्या ताटाकडे डोकावत होती.

५० हर्ट्झवाले, तुम्ही कमी सांगितलंत.