मदत हवी आहे: बाबांना सायकलने दे हार किल्ल्यावर न्यायचंय (उत्रेख्त)

नमस्कार मंडळी,

आम्ही नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तच्या लाइड्शे राइन भागात राहतो. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आलेत. येत्या हेमेलफार्टच्या (येशूच्या स्वर्गारोहणाच्या) सुट्टीला, गुरुवारी, बाबांबरोबर सायकलने कास्टेल दे हारला जायचं ठरवतोय. एका बाजूचं अंतर सात-आठ किलोमीटर, इथल्या हिशोबाने काहीच नाही. पण बाबा 68 वर्षांचे आहेत आणि सायकल सुटून त्यांना वीस वर्षं झाली.

गाडीने नेतो म्हटलं तर नको म्हणतात. त्याला कारण आहे. बाबांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. मी त्यांना सहज सांगितलं होतं की दे हार पडीक झाला होता, 1892 पासून वास्तुविशारद पिएर काउपर्सने तो पुन्हा उभा केला (आम्सटरडॅमचं मुख्य स्टेशन आणि राइक्सम्युझियम त्याचंच), आणि भोवती बाग हवी म्हणून किल्ल्याच्या मालकाने, बॅरनने, अख्खं हारझाउलेन्स गाव उठवून जवळच नव्याने वसवलं. जुन्या गावातलं छोटं चर्च तेवढं जागेवर राहिलं. ते ऐकल्यापासून बाबांनी धरून ठेवलंय. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते त्यांना आठवलं असणार. तसं बोलले नाहीत. "लोकांना घरं कशी बांधून दिली ते बघू," एवढंच म्हणाले. किल्ल्यापासून नव्या गावातल्या त्या लाल-पांढऱ्या झडपांच्या घरांपर्यंत त्यांना स्वतः सायकल मारत जायचंय.

अडचण ब्रेकची आहे. गेल्या रविवारी माझी सायकल दिली. तिला हाताचा ब्रेक नाही, पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याकडे उतरताना पॅडल मागे फिरवून पाय नीट ठेवायची सवय असते. बाबांनी तेच केलं, चाक जागीच अडकलं आणि ते आडवे झाले. गुडघा खरचटला, बाकी ठीक. पण मी फार घाबरलो. तेव्हापासून सीट इतकी खाली घेतली आहे की दोन्ही पाय जमिनीला टेकतात, आणि रोज संध्याकाळी माक्सिमापार्कमधल्या लिंट नावाच्या वाटेवर सराव चालू आहे. तिथे गाड्या नसतात, त्यामुळे जीव शांत राहतो. उजवीकडून चालवणं त्यांना पटकन जमलं. वळताना हात दाखवायचं मात्र अजून विसरतात.

तर विचारायचं होतं:

दोन्ही हातब्रेक आणि आडवी दांडी नसलेली साधी सायकल उत्रेख्तमध्ये दिवसभरासाठी भाड्याने कुठे मिळेल? ई-बाइक सुचवू नका, तिचा एकदम येणारा जोर त्यांना झेपणार नाही. दोघं शेजारी शेजारी बसतात ती दुओफिट्स कोणी वापरली आहे का? अरुंद वाटेवर समोरून कोणी आलं तर कसं करता?

माक्सिमापार्कमधून फ्ल्यूटनमार्गे जाताना मोटारींचा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो? रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांपाशी थांबायचं हे त्यांना शिकवलंय, पण गोल चौकात गोंधळतात. गोल चौक टाळणारी वाट कुणाला माहीत असेल तर लांबची असली तरी चालेल.

आणखी एक. हेमेलफार्टला इथे पहाटे दवात फिरायला, सायकलवर निघायची रीत आहे. त्या दिवशी सायकलवाटेवर मोठे घोळके असतात का? तसं असेल तर आम्ही दुपारी निघू, नाहीतर शुक्रवारी. बाबांना दोन्ही चालेल. मला फक्त त्यांच्या मागून कोणी घंटी वाजवत घाई करायला नकोय.

सोमवारपर्यंत कळवलंत तर सायकल वेळेत राखून ठेवता येईल.