विषय: आईच्या मांजरीचा खोकला, आणि गणपतीला कोकणात कोण जातंय?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या कामाचं नाही, आधीच माफी मागते. पण लिस्टवर कोकणातले बरेच आहात म्हणून विचारते.

गुहागरला आई एकटी असते, सोबतीला ठमी. सहा वर्षांची, तिरंगी, अंगाने भरलेली. जूनपासून खोकते. आई म्हणते पोटात केस अडकलेत, म्हणून रोज बोटभर तूप चाटवते. ठमीची त्याला हरकत नाही. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी इंजेक्शनं टोचली. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

काल व्हिडिओ कॉलवर मी स्वतः पाहिलं. पडवीत जमिनीला चिकटून बसली, मान पुढे ताणलेली, कोपरं बाहेर, आणि घशातून शिट्टीसारखा आवाज. बाहेर काहीच पडलं नाही. एक आवंढा गिळला आणि उठून सुकटाच्या डब्याकडे गेली. आई म्हणे, "बघ, काही झालेलं नाही तिला."

कुणाला अनुभव आहे का?

— गुहागरची लेक, सध्या टोरंटो

———

अहो, वाघाची मावशी ती! अंगणातलं गवत खाईल, ओकेल, मोकळी होईल. आमच्या दापोलीच्या घरात एका वेळी सात मांजरं होती, एकही कधी डॉक्टरकडे गेलं नाही.

— दापोलीकर

———

दापोलीकर, सातातली किती म्हातारी झाली तेही लिहा.

बाळ, तुझ्या ठमीला बहुतेक दमा आहे. मी डॉक्टर नाही, पण वेंगुर्ल्याच्या आमच्या बोक्याचा दमा चार वर्षं सांभाळतेय. आम्हीही सहा महिने केसांच्या गोळ्यावरच काढले. गोळा असेल तर पोट आत-बाहेर होतं आणि शेवटी काहीतरी बाहेर पडतं. तू लिहिलंस तसं मान ताणून, खाली दबून, नुसता आवंढा गिळून संपतं, तो खोकला छातीचा.

आईला एकच काम सांग. ठमी गाढ झोपली की छाती किती वेळा वर येते ते अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवं. रोज त्याच्या वर जात असेल तर डॉक्टर. आणि तोंड उघडून धापा टाकू लागली किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर रात्र असो की पाऊस, रिक्षा बोलवायची. उचलताना दाबून धरायचं नाही, घाबरली की श्वास आणखी अडतो.

जंताचं औषध दिलं म्हणून त्या डॉक्टरांना नावं ठेवू नकोस. फुप्फुसातलाही एक जंत असतो. गोगलगायीतून, किंवा ती खाल्लेल्या बेडका-पालीतून मांजरात जातो, आणि खोकला हुबेहूब दम्यासारखा. आपल्याकडे पावसात गोगलगायींना काय तोटा? पण त्याला नेहमीचा एक डोस पुरत नाही, काही दिवसांचा कोर्स लागतो. इंजेक्शनात काय होतं तेही विचार. स्टेरॉइड असेल आणि त्याने बरं वाटलं असेल, तर दम्याकडे बोट आहे. एक्स-रेमध्ये श्वासनळ्यांच्या भिंती जाड दिसतात, रुळांसारख्या दुहेरी रेघा आणि गोल कडी. हृदयाचाही आकार त्यातच दिसतो, म्हणून एक्स-रे चुकवू नका. चिपळूणला सोय असेल.

औषध माणसाचंच. रोजचा पंप फ्लुटिकासोनचा, नळी सुजू नये म्हणून. तो पूर्ण लागू पडायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. साल्ब्युटामॉलचा पंप फक्त अटॅक आला तर. मात्रा डॉक्टर ठरवतील. मधे स्पेसर, म्हणजे पंपाची फवारणी साठवणारी पोकळ नळी, आणि तोंडाला मास्क लागतो. मांजराला "श्वास ओढ" सांगता येत नाही, त्यामुळे मास्क नाकावर ठेवून सात ते दहा श्वास मोजायचे. माझ्या दिराला हे सांगितलं तेव्हा, "वैनी, मांजराक पंप? लोक हसतले." आता तोच सकाळ-संध्याकाळ देतो. त्याची युक्ती लिहून ठेव: पंपाचा फस्स आवाज मांजराला दुसऱ्या मांजराच्या फिस्कारण्यासारखा वाटतो आणि ते पळतं. म्हणून आधी आठवडाभर रिकाम्या मास्कमध्ये मासळीचा तुकडा ठेवून तोंड घालायला शिकवायचं, आणि फस्स स्पेसरमध्ये आधी करून मग मास्क लावायचा.

आता धूर. ठमी कुठे झोपते ते विचार. आमचा बोका न्हाणीच्या चुलीपाशी, गरम राखेला पाठ लावून. पावसात नारळाची ओली सोडणं जळत नाहीत, नुसती धुमसतात, आणि तो सगळा धूर त्याच्या नाकाच्या उंचीवर. डासांची कॉइल, धूप, संध्याकाळची धुरी, सगळं त्याच उंचीवर. ओल्या गोधडीची बुरशीही वाईट.

आणि कफ सुटावा म्हणून कापूर, निलगिरी, वाफारा काही करू देऊ नकोस. पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं.

— वेंगुर्ल्याची काकू

———

काकू, तुम्ही पाहिल्यासारखं कसं लिहिलंत? ठमी न्हाणीतच झोपते, चुलीशेजारच्या पोत्यावर.

आई निवृत्त शिक्षिका, मोजायचं म्हटल्यावर खूश. आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहिते: ४४, ४०, ४६. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दादाने दोघींना चिपळूणला नेलं. एक्स-रेत तुमचे रूळ दिसले. जंताचा कोर्स आणि गोळ्या सुरू झाल्यात. काल ३२.

न्हाणीची चूल आई सोडणार नाही, गिझरच्या पाण्याने अंघोळ केल्यासारखं वाटत नाही म्हणे. पण दार लावून घेते आणि पोतं माजघरात हलवलं. पहिल्या रात्री ठमी दाराशी बसून तासभर ओरडली. शेवटी आई तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली, जी मी स्वतः तिच्या गुडघ्यांसाठी पाठवली होती.

पंप तिथल्या औषधाच्या दुकानात मिळाला. मांजराच्या तोंडाला बसेल असा मास्क मिळत नाही, लहान बाळाचा कडेने उघडा राहतो. इथे मिळतो. गणपतीला कोण जातंय?

———

मी. ऑगस्टच्या शेवटी, दापोलीला. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागरला पोचवतो. फक्त स्पेसरची लांबी कळवा, बॅगेत मोदकाचे साचे आधीच भरलेत.

सातातलं सगळ्यात म्हातारं मांजर चार वर्षांचं होतं. काल भावाला फोन करून विचारलं.

— दापोलीकर