मदत हवी आहे: ग्लायडरमध्ये स्टॅटिक लाइन अडकवायची कुठे?

मी जर्मनीत क्लबमध्ये ग्लायडिंग करतो. पॅराशूट स्टॅटिक लाइनचं आहे: दोरीचं टोक विमानाला अडकवायचं, उडी मारली की दोरी ताणून पॅराशूट आपोआप उघडतं. हातानं ओढायचं हँडल यावर नाही. पॅकिंगची मुदत अजून संपलेली नाही.

क्लबच्या एएसके-21 (दोन सीटचं शिकाऊ ग्लायडर) मध्ये सीटमागे लाल कडी आहे, तिथं प्रश्नच नाही. आता दोघांत मिळून जुनी सिंगल-सीटर घेतलीय. तिच्यात कडी सापडत नाही. बॅकरेस्ट काढून टॉर्चनं पाहिलं, मॅन्युअलही चाळलं. भागीदार म्हणतो, सीटबेल्टच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकव. मला ते पटत नाही: उडी मारताना पट्टे सुटे असतात, दोरी त्यातच गुंतली तर?

दुसरं, उतरल्यावर हुक काढायला विसरून मी एकदा पंखाशेजारी अख्खं पॅराशूट उलगडलंय (हसून घ्या). त्यामुळे हुक हाताला सहज लागेल अशी जागा हवी. हातानं उघडायचं नवं पॅराशूट सध्या बजेटात नाही. कडी बसेपर्यंत उडणार नाही.

अशी कडी नंतर कुणी बसवून घेतलीय का? ती नक्की कशाला जोडली, आणि दोरी खांद्याच्या पट्ट्यावरून नेता की खालून?