मदत हवी आहे: बोक्याला हृदयविकार, कडू गोळी कशी द्यावी?

नमस्कार मंडळी,

आमचा बंड्या सात वर्षांचा, साधा देशी बोका. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांना छातीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू आली, म्हणून नाशिकहून पुण्याला नेऊन ईको केला. निदान हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत ६.८ मिमी (६ च्या वर जाड धरतात), वरचा डावा कप्पाही मोठा झालाय. थायरॉइड आणि रक्तदाब नॉर्मल.

बंड्या मात्र पोटभर जेवतो, कपाटावर उड्या मारतो. बाहेरून काहीच कळत नाही, याचीच धास्ती वाटते. डॉक्टरांनी सांगितलं, जाड भिंत नीट सैलावत नाही, त्यामुळे आत रक्त कमी भरतं आणि वरच्या कप्प्यात साचून त्याची गुठळी होऊ शकते. ती सुटून महाधमनी मागच्या पायांकडे दुभागते तिथे अडकली, तर पाय एकाएकी लुळे आणि गार पडतात, मांजर वेदनेने किंचाळतं. ते टळावं म्हणून क्लोपिडोग्रेल सुरू केलंय, ७५ मिग्रॅच्या गोळीचा पाव भाग, रोज एकदा.

गोळी भयंकर कडू आहे. तोंडाला फेस येतो, मग तो पलंगाखाली दडून बसतो. हृदयाच्या पेशंटशी रोज अशी झटापट करणं मला अजिबात पटत नाही. रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून देतात असं ऐकलं. कोणत्या नंबरची कॅप्सूल घ्यावी? नाशिकमध्ये कुठे मिळेल? घशात अडकू नये म्हणून वरून सिरिंजने पाणी पाजता का?

झोपेत श्वास मोजते, मिनिटाला २२ ते २६ भरतात. ३० च्या वर गेले तर लगेच आणा, असं सांगितलंय. ज्यांच्या मांजराच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, त्यांनी सांगा, हा आकडा हळूहळू वाढत गेला की एका रात्रीत? आणि नाशिकमध्ये रात्री ऑक्सिजन देणारा प्राण्यांचा दवाखाना कुणाला माहीत आहे का? जवळच्या दवाखान्यात रात्री फोनच उचलत नाहीत.

कृपया माणसांची औषधं सुचवू नका. घरात अर्जुनारिष्टाचा विषय निघाला होता, पण त्यात मद्यार्क असतो, मांजराला ते नकोच.

बाकीचं सवडीने लिहिलंत तरी चालेल, पण कॅप्सूलचं आधी सांगा. पुढची गोळी उद्या संध्याकाळी द्यायची आहे.