माशांच्या टँकच्या संपमधलं वूल दोन दिवसांत तुंबतं, लाईट गेली की पाणी फरशीवर

बोअरवाला_लातूर
नमस्कार मंडळी. टँक ४ × १.५ × १.५ फूट, १८ मलावी सिक्लिड मासे. संप (टँकखालची गाळणीची पेटी) ३० × १२ × १५ इंच, चालू असताना पाणी सरासरी १० इंच. पहिला कप्पा ८ इंची: वर पांढरं वूल (बारीक गाळणीची लोकर), खाली स्पंज, मग पाणी काचेखालून दुसऱ्या कप्प्यात. तिथं सिरॅमिक रिंग (पाणी शुद्ध करणारे बॅक्टेरिया यांवर वाढतात). तिसऱ्यात मोटर, खोक्यावर ३००० लिटर ताशी, कमाल उंची २.५ मीटर. मोटरीपासून टँकपर्यंत चढ साधारण १.४ मीटर.

वूल दोन दिवसांत चिखल होतं आणि पाणी त्याच्या कडेनं निसटतं. मोटर घरघरते. लाईट गेली की बादलीभर पाणी फरशीवर येतं. संप मोठा करावा का?

खामकाठ
संप पुरेसा आहे, थर उलटे लागलेत. सगळ्यात बारीक गाळणी वर ठेवली तर विष्ठेचे मोठे तुकडेसुद्धा तीच धरते आणि खालच्या स्पंजला काम उरत नाही. तुमच्याकडे पाणी वरून खाली जातंय. तेव्हा वर २० पीपीआयचा २ इंची स्पंज, त्याखाली ३० पीपीआयचा २ इंची, तळाशी अर्धा इंच वूल. पाणी खालून वर चढत असेल तिथं हाच क्रम उलटा.

पीपीआय म्हणजे एका इंचात किती छिद्रं. आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक, दुकानात हे हमखास उलटं सांगतात.

स्पंज कप्प्यापेक्षा दोन सूत मोठा कापा, म्हणजे दाबून बसेल. कडेला पेन्सिल जाईल एवढी फट राहिली तरी पाणी तिथूनच पळतं, वाट सोपी असते ना. स्पंज थेट तळावर ठेवू नका. दीड इंच उंच पीव्हीसी पाइपचे तुकडे, त्यावर प्लॅस्टिक जाळी, त्यावर थर. जाळी नसेल तर काचेखालच्या फटीजवळचा पट्टाच काम करतो, बाकीचा स्पंज नुसता भिजत पडतो. वरूनही एक जाळी ठेवा, नाहीतर स्पंज उचलला जातो.

वूल चादरीसारखं, पॉलिस्टरचं घ्या. गादीचा कापूस पाण्यात कुजतो, आणि सुट्टे धागे मोटरीच्या पात्याला गुंडाळतात.

गोदाकाठ_नांदेड
फरशीचं गणित: टँक ४८ × १८ इंच, म्हणजे पाणी १ इंच उतरलं की सुमारे १४ लिटर खाली येतं. संप ३० × १२, तिथं १ इंच म्हणजे जेमतेम ६ लिटर. वरचा एक इंच खाली जवळपास अडीच इंच होतो (काचेची जाडी धरली नाही). मोटर बंद पडली की रिटर्नचा पाइप (मोटरीतून टँकमध्ये पाणी नेणारा) सायफन होतो, म्हणजे पाणी उलटं खाली खेचतो, आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी ओढतो.

तुमच्या रिटर्नचं तोंड पाण्याखाली किती आहे?

बोअरवाला_लातूर
आत्ता मोजलं, ३ इंच.

गोदाकाठ_नांदेड
मग ४२ लिटर खाली येणार आणि संपमध्ये जागा ५ इंच, म्हणजे २९-३० लिटर. उरलेली तुमची बादली.

तोंड वर घ्या, पाण्याखाली अर्धा इंच पुरे. शिवाय पाइपला पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे पातळी थोडी उतरताच हवा शिरून सायफन तुटतो. बोअरच्या पाण्यात ते क्षारानं बुजतं, दर आठवड्याला टूथपिक फिरवा. नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) भिस्त नको, आत शेवाळ नाहीतर एखादा खडा अडकला की तो पूर्ण मिटत नाही. सगळं झालं की मोटर मुद्दाम बंद करून पाणी कुठवर चढतं ते बघा आणि तिथं मार्करनं रेघ मारा.

मोटरीची घरघर: मधल्या कप्प्यांची पातळी काच ठरवते, त्यामुळे बाष्पीभवन असो की तुंबणं, पाणी कमी दिसतं ते फक्त मोटरीच्या कप्प्यात. ओळखायचं कसं? पहिल्या कप्प्यात पाणी नेहमीपेक्षा वर असेल तर स्पंज तुंबलाय. तिथं २ इंच चढलं की ३ लिटर पाणी अडकलं, आणि मोटरीचा कप्पाही ८ इंची असेल तर तिथं बरोबर २ इंच उतरतं. पहिला कप्पा जागेवर असेल तर पाणी उडालंय, भर घाला. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत रोजच घालावं लागतं. भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची असावी. बोअरचंच घालत राहिलात तर पाणी उडतं, क्षार मागे राहतात. मलावींना जड पाणी मानवतं खरं, पण टीडीएस (विरघळलेले क्षार) चढत जातो.

पहिल्या काचेचा वरचा काठ १२ इंचावर आहे ना? नसेल तर काचवाल्याकडून तेवढा करून घ्या. तुंबलेलं पाणी मग दुसऱ्या कप्प्यात सांडेल, घरात नाही.

बोअरवाला_लातूर
काठ १२ इंचच आहे. प्रवाह मोजला: २० लिटरची बादली ५० सेकंदांत भरली.

खामकाठ
म्हणजे ताशी १४४०. खोक्यावरचा ३००० शून्य उंचीचा असतो. टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी २२० लिटर धरलं तर तासाला साडेसहा फेऱ्या, संपला ठीक आहे. मोटर बदलू नका. कचरा कोपऱ्यात साचत असेल तर छोटा वेव्हमेकर (पाणी ढकलणारा पंखा) तळाशी, ओव्हरफ्लोकडे (टँकमधून संपकडे पाणी जायच्या वाटेकडे) तोंड करून लावा. जो कचरा संपपर्यंत पोचतच नाही तो कुठल्याच स्पंजला सापडत नाही.

पांढरंवूल
सफाईचं राहिलं. आधी मोटर बंद करा, पातळी स्थिर होऊ द्या. चालू पाण्यात स्पंज उचलला की त्यात धरलेला सगळा गाळ रिंगांवर जातो. खालच्या जाळीला नायलॉनची दोरी बांधून ठेवा, सगळे थर एकदम वर येतात. लगेच टबात घ्या, ठिबकू देऊ नका. मग कप्प्याचा तळ अर्धा इंची नळीनं ओढून घ्या, इथला काळा गाळ बहुतेक जण विसरतात.

वूल २-३ दिवसांनी बदला. स्पंज आठवड्याला, पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळा, ते पाणी नंतर कुंड्यांना. टँकरच्या दिवसांत तेवढंच वाचतं. दोन्ही स्पंज एकाच दिवशी धुऊ नका, थोडे बॅक्टेरिया त्यातही असतात. "अजून वाहतंय, चालू दे" असं नको: अडकलेली घाण पाण्यातच सडते, अमोनिया बनतोच, आणि ३२ अंशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला फार तर सव्वासात मिलिग्रॅम असतो.

लाईट दोन-तीन तासांवर गेली असेल तर मोटर सुरू करण्याआधी वूल काढा. थांबलेल्या पाण्यात त्यातला ऑक्सिजन संपतो आणि पहिला घाण लोंढा थेट माशांकडे जातो. बॅटरीवरचा एअर पंप असेल तर त्याचा एक हवेचा दगड टँकमध्ये, एक रिंगांच्या कप्प्यात.

बोअरवाला_लातूर
फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) कसा राहील? धुवायला सोपा वाटतो.

खामकाठ
७ इंची, २०० मायक्रॉनचा चालेल. १०० मायक्रॉनचा १८ मलावींच्या घाणीत लवकर भरतो, आणि सॉक भरला की पाणी न गाळता वरून ओसंडतं. चार सॉक फिरते ठेवा. उलटा करून नळीच्या धारेनं धुवा, साबण किंवा फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. पिवळा पडला की बिनवासाच्या ब्लीचमध्ये भिजवा, खळखळून धुवा, मग सोडियम थायोसल्फेटच्या (क्लोरीन घालवणाऱ्या) पाण्यात बुडवून उन्हात वाळवा. क्लोरीनचा वास येत असेल तर पुन्हा बुडवा, तसाच संपमध्ये टाकू नका.