पन्नास रुपयांच्या अ‍ॅपमागचा माणूस : आपण त्याचे काय देणे लागतो?

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आणि गाव आहे.)

समुद्रकाठ, रत्नागिरी

आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ बघायला लोक आता सर्रास मोबाइल काढतात. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेल्या बंदरात होडी आत घ्यायची तर पाणी चढेपर्यंत बाहेर थांबावे लागते. आणि कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला किनाऱ्याच्या खडपात जाणाऱ्या बायकांना ओहोटी कधी पुरी होणार हे आदल्या रात्री कळले, तर घरचे आटोपून त्यांना वेळेवर निघता येते. यासाठी मी जे अ‍ॅप वापरतो ते एकदाच पन्नास रुपये भरून घेतलेले आहे. चंद्र-सूर्याच्या गतीचे घटक आणि प्रत्येक बंदराचे स्थिरांक, म्हणजे तिथल्या पाण्याचे ठरलेले आकडे, यांवरून ते पुढच्या वर्षांच्या वेळा फोनमध्येच काढते, त्यामुळे त्याला इंटरनेट लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कितीतरी दिवस वीज नव्हती आणि फोनला रेंजही नव्हती, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या एका गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

या अ‍ॅपमध्ये रात्री वापरण्यासाठी काळ्या पडद्यावर मंद लाल अक्षरे दाखवण्याची सोय आहे. अंधारात होडीवर पांढरा पडदा उघडला की डोळे दिपतात आणि नंतर काही वेळ समोरचे पाणी नीट दिसत नाही. ज्याने ही सोय केली, त्याने होडीवरच्या माणसाचा विचार केला आहे. वेळेच्या शेजारी तिथीही दिलेली आहे, कारण आपल्याकडे जुनी माणसे अजून तिथीवरूनच पाणी ओळखतात.

एवढे असूनही त्या अ‍ॅपखालचे अभिप्राय वाचले तर वाईट वाटते. ‘बेकार आहे’, ‘पैसे परत द्या’, ‘पन्नास रुपये कशाचे?’ अशी वाक्ये एकाखाली एक आहेत. ज्यांचे काम सुरळीत चालते ते काहीच लिहीत नाहीत. माझे म्हणणे असे की, अशी स्वस्त आणि प्रामाणिक अ‍ॅप करणाऱ्या माणसांचे आपण केवळ किमतीपुरते देणे लागत नाही. जिथे पैसे भरण्याची सोय आहे तिथे ते भरावेत, चार ओळींचा नीट अभिप्राय लिहावा, आणि पृष्ठावर दिलेल्या पत्त्यावर करणाऱ्याला एक पत्र पाठवावे. आपणां सर्वांचे यावर काय मत आहे?

रापण, मालवण

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर सांगतो. व्यवहारात किंमत ही दोघांनी मान्य केलेली गोष्ट असते. करणाऱ्याने पन्नास रुपये मागितले, आपण पन्नास रुपये दिले. तिथे हिशोब पुरा झाला. वस्तू पसंत पडली नाही तर ४८ तासांच्या आत पैसे परत मागण्याची सोय गुगलच्या अ‍ॅपच्या दुकानातच (प्ले स्टोअरमध्ये) आहे. माझी जाळी शिवणारा, इंजिन दुरुस्त करणारा, बर्फ पोचवणारा यांच्याशी मी नीट बोलतो आणि त्यांचे पैसे वेळेवर देतो. त्यांच्यापैकी कोणीही माझ्याकडून पत्राची अपेक्षा करत नाही. मोबाइलवर काम करणाऱ्याला त्यांच्याहून वेगळा मान का द्यावा?

दुसरे असे की, कौतुकावर चूल पेटत नाही. २०१५ मध्ये गुगलने भारतातल्या अ‍ॅपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली, तेव्हा ती ग्राहकाच्या फायद्याची गोष्ट म्हणून सांगितली गेली. त्यातून आपल्याला सवय लागली ती दहा-वीस रुपयांतसुद्धा घासाघीस करण्याची. करणाऱ्यालाही वाटू लागले की, किंमत वाढवली तर कोणी घेणार नाही. ज्याचे काम खरोखर उपयोगाचे आहे त्याने त्याचे पुरेसे पैसे मागावेत. पैसे कमी मागायचे आणि उरलेली भरपाई लोकांच्या कृतज्ञतेतून व्हावी अशी इच्छा धरायची, यात शेवटी दोघांचेही नुकसान होते. कंटाळून तो एक दिवस काम सोडतो आणि आपल्या फोनमध्ये एक मेलेले अ‍ॅप उरते. माझ्याकडे अशी दोन आहेत.

तिथीचा उल्लेख आपण केलात म्हणून सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित आमच्या घरी कोणी विकत घेतले नव्हते. अ‍ॅप बंद पडले तरी दर्यावर्दी माणूस अडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

कलमबाग, देवगड

मी स्वतः एक छोटे अ‍ॅप केले आहे, म्हणून आतली बाजू मांडतो. ते भरतीचे नाही, आंब्याच्या बागेचे आहे : कोणत्या कलमावर कधी आणि कोणती फवारणी झाली, मजुरी किती गेली, किती पेट्या कोणाकडे पाठवल्या आणि पैसे किती आले, एवढेच त्यात लिहून ठेवता येते. नोकरी सांभाळून, रात्री जेवणे झाल्यावर मी त्यावर बसतो.

आधी पैशाचे सांगतो. गुगलच्या दुकानात खाते उघडायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. २०२१ पासून लहान करणाऱ्यांच्या विक्रीवर दोन्हीकडे साधारणतः १५ टक्के कापले जातात, त्याआधी ३० टक्के कापले जात. म्हणजे पन्नास रुपयांतले साडेसात रुपये दुकानाचे, आणि उरलेल्या साडेबेचाळीसमधून कर वेगळे. रापण यांचे एक म्हणणे खरे आहे की, ही किंमत आम्हीच ठरवतो. पण एक खर्च बाहेरून दिसत नाही. अ‍ॅप एकदा करून ठेवले म्हणजे झाले असे नसते. अँड्रॉइडची नवी आवृत्ती जवळपास दरवर्षी येते, आणि दुकानाच्या नियमानुसार आपले अ‍ॅप त्या चालीला धरून अद्ययावत ठेवावे लागते. ते केले नाही, तर नवा फोन घेतलेल्या माणसाला ते दुकानात दिसेनासे होते. एकही नवी सोय न देता, केवळ जिवंत राहण्यासाठी, दरवर्षी काही आठवडे त्यात जातात. ज्याने चार वर्षांपूर्वी एकदाच पन्नास रुपये भरले त्याच्यासाठीही हे काम चालूच असते. मालवणच्या दोन मेलेल्या अ‍ॅपचे कारण बहुधा हेच असावे.

आणखी एक नियम सांगतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅप लोकांसमोर आणायचे असेल, तर आधी ठरावीक माणसांनी सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत सहभागी राहावे लागते. सुरुवातीला ही संख्या २० होती, नंतर ती १२ झाली. शहरात कंपनी असलेल्याला हे सोपे आहे. मी गणपतीला घरी आलेल्या चाकरमान्यांना आरतीनंतर ओटीवर बसवून एकेकाच्या फोनमध्ये अ‍ॅप घातले, आणि दोन आठवडे ते काढू नका म्हणून सगळ्यांना विनवले. त्यातल्या एका काकूंनी आकडे लिहायच्या चौकटी फार लहान आहेत असे सांगितले. आज त्या चौकटी मोठ्या आहेत त्या त्यांच्यामुळे.

म्हणून माझ्यापुरते सांगतो : पत्र आले तर मला बरे वाटते आणि ते मी जपून ठेवतो. पण त्याहून जास्त उपयोग होतो तो फोनचे नाव, अँड्रॉइडची आवृत्ती आणि नेमके कुठे अडले हे लिहिणाऱ्या माणसाचा.

पागोळी, चिपळूण

या चर्चेत एक गोष्ट मागे पडते आहे आणि ती माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची आहे. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या गावात पाणी शिरले. वाशिष्ठीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली होती, आणि अशा वेळी समुद्राला भरती असेल तर नदीचे पाणी लवकर ओसरत नाही. तेव्हापासून मुसळधार पाऊस लागला की इथली माणसे भरतीची वेळ बघतात. आता अडचण अशी की, बहुतेक अ‍ॅप नदीच्या मुखाजवळच्या बंदराची वेळ दाखवतात. भरती मुखापासून आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या बाजूला चढायला वेळ घेते. शिवाय वारा, हवेचा दाब आणि पुराचे पाणी यांचा त्या गणितात हिशोबच नसतो. ‘नौकानयनासाठी वापरू नये’ अशी सूचना असते खरी, पण ती इंग्रजीत आणि कोपऱ्यात.

अशा अ‍ॅपला गावातल्या मुलाने केले म्हणून, स्वस्त आहे म्हणून, किंवा जाहिरात नाही म्हणून पाच तारे देणे मला धोक्याचे वाटते. पाच तारे बघून दुसरा माणूस त्यावर विसंबतो. मी त्या अ‍ॅपला तीन तारे दिले आणि कारण लिहिले. दोन जणींनी मला विचारले की, बिचाऱ्याच्या पोटावर पाय कशाला आणता? जिथे पाण्याशी गाठ आहे तिथे करणाऱ्याच्या भावनेपेक्षा वापरणाऱ्याचा जीव आधी बघितला पाहिजे, आणि या बाबतीत मी ही चर्चा सुरू करणाऱ्या समुद्रकाठ यांच्या विरुद्ध बाजूला आहे.

सुपारीची आगर, गुहागर

थोडक्यात लिहिते. स्वस्त अ‍ॅपचा विचार करताना फुकट पण जाहिरातींविना दिलेल्या कामाचाही उल्लेख व्हावा. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून जगभरची माणसे स्वेच्छेने भरत आहेत, आणि तो फोनमध्ये उतरवून घेतला की रेंज नसलेल्या घाटातही रस्ता सापडतो. आमच्या पाखाडीची पायवाट त्यात नव्हती, ती मी आणि माझ्या भाच्याने घातली. हे काम मी कोणाचे आभार मानण्यासाठी केले नाही. पण ज्यांनी आधी एवढे करून ठेवले त्यांच्या कामात आपणही हात लावावा असे वाटले, इतकेच. पैसे देणे किंवा पत्र लिहिणे यापलीकडेही एक वाट आहे.

समुद्रकाठ, रत्नागिरी

पागोळी यांनी कारणासह तीन तारे दिले, आणि नेमकी अशीच गोष्ट मला हवी आहे. मी अभिप्राय लिहा म्हटले, खोटी स्तुती करा असे म्हटले नाही. ‘बेकार’ हा एक शब्द आणि ‘गोवळकोटला वेळ जुळत नाही’ हे वाक्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने करणारा खचतो, दुसऱ्याने त्याला पुढचे काम कळते.

रापण यांच्याशी मात्र माझा मतभेद कायम आहे. जाळे शिवणाऱ्याला आपण दर हंगामाला पैसे देतो. त्याचे काम दर हंगामाला नवे असते आणि तो आपल्यासमोर बसून ते करतो. अ‍ॅप करणाऱ्याचे नंतरच्या वर्षांचे काम, देवगडकरांनी सांगितल्याप्रमाणे, कोणाला दिसत नाही आणि त्याचे पैसेही कोणी देत नाही. किंमत पुरी झाली असे आपण म्हणतो तेव्हा ती पहिल्या वर्षाची पुरी झालेली असते. उरलेल्या वर्षांचे आपल्यावर काहीच नाही असे मला म्हणवत नाही.

रापण, मालवण

मग त्याचा उपाय आभार हा नसून वर्षाचा दर हा आहे. वर्षाला दोनशे रुपये उघडपणे मागा. बदल्यात कोणत्या बंदराचे स्थिरांक वापरले, वेळा प्रत्यक्ष पाण्याशी शेवटच्या कधी पडताळल्या आणि खाडीत आत किती फरक पडतो, हे मराठीत पहिल्याच पडद्यावर लिहा. एका फेरीच्या डिझेलपुढे दोनशे रुपये काहीच नाहीत. असे अ‍ॅप निघाले तर माझ्या दोन्ही तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्यांच्या, फोनमध्ये मी ते पैसे भरून घेईन.

समुद्रकाठ, रत्नागिरी

आपल्याला ते परवडेल. कालवे काढून बाजारात वाट्याने विकणारी बाई वर्षाला दोनशे रुपये भरणार नाही, आणि ओहोटीची वेळ तर तिलाच रोज लागते. दर वाढवताना तिचा विचार कोणी करायचा?

कलमबाग, देवगड

दोन्ही गोष्टी एकाच अ‍ॅपमध्ये बसवता येतात. साधी वेळ आणि तिथी एकदाच घेतलेल्या किमतीत द्यायची. खाडीतला फरक, पडताळणीची नोंद आणि होडीवाल्यांना लागणाऱ्या बाकीच्या सोयी वर्षाच्या दराने द्यायच्या. दुकानाच्या नियमांत याला अडचण नाही, आणि सुरुवातीचे काही दिवस वर्षाचा भाग फुकट वापरून बघण्याची सोयही ठेवता येते. माझ्या बागेच्या अ‍ॅपमध्ये मी आंब्याच्या हंगामाआधी हे करून बघणार आहे : एका बागेचा हिशोब आहे त्याच किमतीत राहील, आणि ज्यांच्या तीन-चार बागा आहेत त्यांच्याकडून वर्षाचे पैसे घेईन. भरतीचे अ‍ॅप करणाऱ्यालाही मी हे कळवतो. पागोळी यांनी गोवळकोटच्या चार-सहा भरत्यांच्या प्रत्यक्ष वेळा तारखेसह लिहून दिल्या, तर त्याही सोबत पाठवीन.