ऊसतोडीत दारूनं ताकद येते, की आहे तीही जाते?

धारूरचा कोयता (धागा सुरू करणारा)

मागच्या जानेवारीतली पहाट सांगतो. गाडी भरून बापू रात्री साडेनऊला कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, आले. पोटात दुपारची अर्धी भाकर, त्यावर फुटाण्यांसोबत अख्खी क्वार्टर. आईनं ताट वाढलं, पण "आता जेवण जात नाही" म्हणून तसेच आडवे झाले. पहाटे चारला मुकादमाची हाक आली. आईनं हलवलं तर बनियन घामानं चिंब, हात गार, जीभ जड. बाहेर थंडी एवढी की श्वासाची वाफ दिसत होती. सगळे म्हणाले, अजून उतरली नाही, झोपू द्या. आईला ते पटलं नाही. दवाखान्यात बोटाला सुई टोचली, साखर ४२, म्हणजे फारच कमी. सलाईनमधून ग्लुकोज गेलं आणि थोड्याच वेळात बापूंनी डोळे उघडून विचारलं, "गाडी लागली का?"

बापूंना मधुमेह नाही. कधीच नव्हता.

त्या दिवसापासून मी हेच वाचतोय. टोळीत सगळे म्हणतात, पावशेर मारल्याबिगर उद्या अंग उठत नाही. माझं म्हणणं असं: दारूत ऊर्जा आहे, पण ती मोळी उचलायच्या कामाची नाही, आणि उपाशीपोटी ती शरीराची साखर बनवायची सोयच बंद पाडते. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर बोला.

मांजराकाठ

भाऊ, बापूंचं ऐकून वाईट वाटलं. पण एका पहाटेवरून एवढा मोठा निकाल लावू नका. मी कारखान्याच्या डिस्टिलरीत सहा हंगाम काढलेत, म्हणून सांगतो. मळीतली साखर यीस्ट खातं, १८० ग्रॅम ग्लुकोजची जास्तीत जास्त ९२ ग्रॅम दारू होते. वजन निम्म्यावर येतं, पण साखरेतली जवळपास सगळी ऊर्जा दारूतच राहते. म्हणून तर ग्रॅममागे साखरेच्या ४ कॅलरी, दारूच्या ७. प्यालेल्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त दारू शरीर जाळतंच, श्वासातून-लघवीतून जाते ती थोडीशी. जळतंय म्हणजे ऊर्जा मिळतेच ना? ताकद येत नाही म्हणणं शास्त्राला धरून नाही.

परतूरचे मास्तर

मांजराकाठ, तुमचे आकडे बरोबर आहेत. मीही वर्गात तेच शिकवतो. पण इंधन कुठं जळतं आणि त्या वेळी बाकीची कामं कशी अडतात, तेही बघायला हवं.

हिशोबच मांडू. क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्के. म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध दारू, सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी. ज्वारीच्या दोन भाकरींएवढ्या. पण भाकरीची साखर रक्तात जाते, उरलेली यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, लागेल तशी निघते. दारूला असं कोठार नाही. स्नायूला ती थेट जाळताही येत नाही. आधी यकृत तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, मग त्याचं ॲसिटेट. ते ॲसिटेट पुढं हृदयात, स्नायूंत जळतं, हे मान्य. पण यकृताचा वेग ठरलेला असतो, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. मोळ्या वाहिल्या, घाम गाळला म्हणून तो फारसा वाढत नाही. ६१ ग्रॅमला सहा ते नऊ तास लागणार. रात्री दहाला घेतलेली क्वार्टर पहाटे चारलाही पूर्ण उतरलेली नसते.

आता बापूंचं. दिवसभर तोडणी केल्यावर स्नायूंतून लॅक्टेट, म्हणजे साखर अर्धवट वापरून उरलेला पदार्थ, रक्तात येतं. यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवतं, यालाच कोरी चक्र म्हणतात. (कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोला १९४७ साली ग्लायकोजेनवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.) हे काम करायला यकृताला एनएडी नावाचा वाहक मोकळा लागतो. दारू जाळताना नेमका तोच अडकून पडतो. लॅक्टेटची साखर होत नाही. यकृतात साठलेलं ग्लायकोजेन भरल्यापोटीही १०० ग्रॅमच्या आसपासच असतं, उपाशी कष्टकऱ्याकडे त्याहून खूपच कमी. ते संपलं आणि नवी साखर बनेना, की मेंदूला काय मिळणार? थंडीत आलेला तो घाम या उपासमारीचाच होता.

गोदाकाठची माती

मास्तर, तुमचं यकृत-बिकृत समदं खरं असंल. पण मी स्वतः बारा वर्षं फडात आहे. तुमी म्हणायलेत ती भाकर रात्री नऊला गळ्याखाली उतरतच नाही. कंबर, मान, खांदे असे दुखायलेत की नुसतं पडून झोप लागत नाही. दोन घोट घेतल्यावर लागती. पहाटे थंडीत पाचट ओली असती, हात बधिर होत्यात, तवा बी एक घोट घेतला की अंगात ऊब येती. हे मी अनुभवानं सांगायलोय. कॅलरीसाठी कोणीच पीत नाही. आमचं दुखणं थांबवायला दुसरं काय हाय ते आधी सांगा.

सिस्टर, नांदेड

दादा, तुमचं दुखणं खरं आहे, ते मी रोज बघते. पण ती ऊब फसवी आहे. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतलं गरम रक्त वर येतं म्हणून ऊब वाटते, आणि तीच उष्णता थंड हवेत निघून जाते. आतलं शरीर गार पडतं. झोपेचंही तसंच, लागते लवकर, पण उत्तररात्री पुन्हा पुन्हा मोडते. दारूनं लघवीही जास्त होते, सकाळचं डोकं जड त्यामुळंही होतं.

धारूरच्या भावाला हात जोडून सांगते, तुमच्या आईमुळं बापू वाचले. "प्यालाय, झोपू द्या" हे वाक्य फार वाईट. माणूस घामाघूम, गार, बरळत असेल तर साखर कमी झाली असं धरून चाला. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. आणि रोज पिणाऱ्याला काय दिलं पाहिजे तर बी१ जीवनसत्त्व. साखरेची ऊर्जा करताना ते लागतं आणि दारूनं तेच कमी होतं. म्हणून वॉर्डात आम्ही ग्लुकोजसोबत बी१ ची सुईही देतो.

अंगदुखीसाठी रोज दारू आणि वर मनानं पॅरासिटामॉलच्या गोळ्या, हेही करू नका. यकृताला ते फार महागात पडतं.

लातूरची लेक

एक शंका. दारूत एवढ्या कॅलरी, तर आमच्या गल्लीतले रोज पिणारे काडीसारखे का? आणि वेळ अमावस्येला आम्ही आंबिल पितो, तीही आंबवलेलीच की.

परतूरचे मास्तर

ताई, आंबिल म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. तिथं मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचं काम असतं, तिची दारूशी तुलना नको. आणि रोज पिणारे बारीक दिसतात कारण जेवण सुटलेलं असतं, स्नायू झिजलेले असतात. शिवाय सततच्या पिण्यानं यकृतात दारू जाळायचा दुसरा एक मार्ग वाढतो, त्यात बरीच ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. त्याच वेळी चरबी जळायची थांबते, ती यकृतात साचते. हातपाय काड्या आणि यकृतावर चरबी, हे एकाच माणसात दिसतं. सुरुवातीलाच दारू बंद केली तर ही चरबी काही आठवड्यांत उतरतेही.

मांजराकाठ

यकृताचा वेग कष्टानं वाढत नाही, हे मी धरलंच नव्हतं. मागं घेतो. पण मास्तर, तरीही सांगतो, दोष दारूच्या रसायनापेक्षा रिकाम्या पोटाचा जास्त आहे. गाडी भरायला रात्रीचे दहा-अकरा होतात. तेव्हा भाकरी कोण थापणार? बाई तर गड्याबरोबरच मोळ्या वाहते.

धारूरचा कोयता

हा प्रश्न आमच्या आईनं सोडवला, कोणी सांगितलं नाही तरी. या हंगामात ती पहाटेच चार भाकरी जास्त थापते. ठेचा आणि घट्ट वरण डब्यात. गाडी भरायला लागायच्या आधी, सूर्य बुडताना, बापूंना पाचटावर बसवून एक भाकर खाऊ घालते, मगच मोळीला हात लावू देते. बापूंची क्वार्टर सुटलेली नाही, खोटं बोलत नाही. अर्धी झालीय. पण रात्रीचं ताट आता परत जात नाही. गोदाकाठच्या दादा, दुखण्याचं उत्तर माझ्याकडं नाही. मी दर शनिवारी कोपीवर जातो तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीनं बापूंची कंबर शेकून देतो, तेवढ्यावर त्यांना तासभर झोप लागते.